लाऊडस्पीकर थांबल्यावर गॅलरी काय गाते?

2025 च्या 23 एप्रिलला हैदराबादच्या उप्पल भागातील राजीव गांधी आंतरराष्ट्रीय स्टेडियमवर सनरायझर्स हैदराबाद आणि मुंबई इंडियन्स यांच्यात आयपीएलचा सामना झाला. आदल्याच दिवशी पहलगाम येथे पर्यटकांचे हत्याकांड घडले होते. दोन्ही संघ दंडाला काळ्या फिती बांधून मैदानात उतरले, एक मिनिट स्तब्धता पाळण्यात आली. आतषबाजी नव्हती, चीअरलीडर्स नव्हत्या. सनरायझर्सचे पाच गडी 35 धावांत परतले आणि मुंबईने तो सामना सात गडी राखून जिंकला. पुढे मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यातील लष्करी संघर्षामुळे स्पर्धाच आठवडाभर थांबली. ती पुन्हा सुरू होण्याच्या बेतात असताना सुनील गावसकर यांनी एक विनंती केली. उरलेले सामने जरूर खेळवा, प्रेक्षकही येऊ द्या, मात्र षटकांच्या मध्ये ओरडणारे डीजे नकोत, नाचगाणी नकोत, नुसते क्रिकेट असू द्या, असा तिचा आशय होता.

गावसकरांच्या मनात शोकाची बूज राखण्याचा विचार होता. पण त्यांच्या विनंतीतून एक वेगळाच प्रश्न निघतो, आणि तो शोकाचे दिवस सरले तरी सरत नाही. डीजेने आपले यंत्र बंद केले तर भारतीय मैदानावरची गॅलरी काय करील? तिच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे एखादे गाणे आहे का?

चित्रपटातले किंवा अल्बममधले एखादे लोकप्रिय गाणे खेळाच्या मैदानात शिरते, ही काही नवलाची बाब नव्हे. लाऊडस्पीकरवर रोज शेकडो गाणी वाजतात. नवल आहे ते त्यातले एखादे तिथेच मुक्काम ठोकते याचे. आणि मुक्काम ठोकण्याची खूण एकच: ज्याने ते लावले त्याने ते बंद केल्यावरही लोक म्हणत राहतात.

लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानाची कथा यासाठी नेहमी सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहेही. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गाणे मुळात फुटबॉलचे नव्हेच. रॉजर्स आणि हॅमरस्टीन या जोडीच्या 'कॅरोसेल' या 1945 सालच्या संगीत नाटकात, नवरा गमावलेल्या एका बाईच्या सांत्वनासाठी ते येते. 1963 मध्ये 'जेरी अँड द पेसमेकर्स' या लिव्हरपूलच्याच वाद्यवृंदाने ते नव्याने गायिले आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या काळी ॲनफिल्डवर सामन्याआधी त्या आठवड्याची पहिली दहा गाणी उलट्या क्रमाने लावत, म्हणजे सर्वांत शेवटी पहिल्या क्रमांकाचे. काही आठवडे हे गाणे खेळाडू मैदानात येण्याच्या ऐन वेळी वाजत राहिले. मग यादीतून ते उतरले. लाऊडस्पीकरवर लागेनासे झाले. पण 'कोप' नावाच्या उभ्या गॅलरीला त्याची सवय जडली होती. तिने ते आपल्या गळ्याने म्हणायला घेतले. 1989 मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीने लिव्हरपूलचे 97 पाठीराखे कायमचे नेले, त्यानंतर त्या शब्दांचा अर्थच पालटला. आज ते गाणे म्हणजे त्या शहराची स्मरणसभा आहे, आणि ती दर पंधरवड्याला भरते.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मैदानात सापडत नाही, ती चवथीच्या मखरापुढे सापडते. गोव्यात घुमट, शामेळ आणि कांसाळे यांच्या साथीने आरती चालते तेव्हा सगळ्यांना सगळे शब्द येतात असे थोडेच असते? म्होरक्या दोन-चार असतात. परगावाहून आलेला जावई कडव्याच्या मध्यावर ओठ हलवल्यासारखे करतो आणि धृपद आले की मात्र खणखणीत आवाजात सामील होतो. कडव्याच्या शेवटची दोन अक्षरे तर शेजारघरचे पोरही पकडते. समूहाच्या गाण्याला अशी जागा लागते, न येणाऱ्यालाही पाय ठेवता येईल अशी. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर 2002 पासून प्रत्येक बेसबॉल सामन्याच्या आठव्या डावात नील डायमंड यांचे 1969 चे 'स्वीट कॅरोलाइन' लावतात. त्याच्या धृपदात कर्ण्याचे तीन ठोके आहेत आणि नेमके तेच ठोके लोकांनी आपल्या तोंडी घेतले. 'सेव्हन नेशन आर्मी' या 2003 च्या रॉक गाण्याचे तर शब्दच गळून पडले. बेल्जियममधील ब्रुज संघाचे पाठीराखे त्याच वर्षी मिलानला सामन्यासाठी गेले असताना ती सुरावट त्यांच्या ओठी बसली. पुढे रोमच्या पाठीराख्यांनी ती उचलली आणि 2006 च्या विश्वचषकात अख्खा इटली ती गुणगुणला. सात सुरांची ती ओळ म्हणायला कोणतीच भाषा यावी लागत नाही.

आता उप्पलकडे परत येऊ. भारतीय क्रिकेटच्या गॅलरीला अशी जागा मिळते का, हे पाहायला आधी घड्याळ पाहावे लागते. फुटबॉलच्या अर्ध्या डावात पंचेचाळीस मिनिटे चेंडू फिरत असतो, त्या वेळात लाऊडस्पीकरला तोंड उघडायची सोय नाही. आवाज करायचा तर तो प्रेक्षकांनीच केला पाहिजे. कसोटी क्रिकेटमध्येही रिकामा वेळ मुबलक. म्हणूनच 1994-95 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात हरणाऱ्या इंग्लंडच्या मागे 'बार्मी आर्मी' उभी राहिली, आणि म्हणूनच श्रीलंकेच्या मैदानांवर 'पापरे' वाजवणारे बँडवाले दिवसभर बसू शकतात. टी-20 सामन्यात मात्र चाळीस षटके, दर षटकानंतर एक फट, आणि ती फट विकलेली. दूरचित्रवाणीवर जाहिरात, मैदानावर डीजे. गाण्याचे तीस-चाळीस सेकंद वाजतात, धृपद जवळ येते न येते तोच पुढच्या षटकाचा पहिला चेंडू पडतो. कंटाळा हा समूहगानाचा जुना मित्र. त्याला आपण प्रवेशद्वारावरच अडवले आहे.

तरीही एक गोष्ट या फटीत रुजली, आणि ती मोठी गमतीची आहे. आयपीएलच्या मैदानावर कर्ण्याची एक तान वाजते आणि तिच्या शेवटी हजारो लोक एकसुरात आरोळी ठोकतात. लहान मुलांनाही ती पाठ आहे. ती तान एका जुन्या स्पॅनिश पासोडोब्लेतली, म्हणजे बैलझुंजीच्या रिंगणाशी नाते सांगणाऱ्या संगीतातली. वांद्र्याचा, विजयवाड्याचा किंवा वास्कोचा मुलगा ती ऐकून ओरडतो तेव्हा तो स्पेनला उत्तर देत असतो आणि त्याचे त्याला सोयरसुतक नसते, नसावेही. पण ते उत्तर आहे, गाणे नव्हे. तान वाजली नाही तर आरोळीही उठत नाही. किल्ली ज्याच्या हातात, आवाज त्याचा.

ही किल्ली किती वजनदार असते ते हैदराबादनेच 2023 च्या 10 ऑक्टोबरला दाखवले. एकदिवसीय विश्वचषकात उप्पलच्या मैदानावर पाकिस्तान आणि श्रीलंका खेळत होते. श्रीलंकेने 344 धावा केल्या; कुशल मेंडिसच्या 122 त्यात होत्या. पाकिस्तानने अब्दुल्ला शफीकच्या 113 आणि मोहम्मद रिझवानच्या नाबाद 131 धावांच्या जोरावर सहा गडी राखून लक्ष्य गाठले. विश्वचषकाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग. धावसंख्या वर चढत होती तसा मैदानावरच्या निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून 'जीतेगा भाई जीतेगा' अशी हाक दिली आणि गॅलरीने 'पाकिस्तान जीतेगा' असे उत्तर दिले. पाकिस्तानी प्रेक्षकांना व्हिसा मिळालेले नव्हते, त्यामुळे हे उत्तर देणारे बहुतांश हैदराबादचे, तेलंगणचे, आसपासच्या जिल्ह्यांतले लोक होते. सामन्यानंतर रिझवानने या गर्दीचे आभार मानले. आपण रावळपिंडीतच खेळतो आहोत असे वाटले, असे तो म्हणाला.

त्या रात्री आमच्या टेबलावर मथळा विक्रमाचा गेला. चित्रफीत नंतर फिरू लागली, आणि तिच्यावर बातमी करावी की नाही यावर बराच खल झाला. समाजमाध्यमांवर तोवर कौतुक आणि संताप, दोन्हींना भरती आली होती. एका बाजूला हैदराबादी तहजीबचे गोडवे, दुसऱ्या बाजूला देशनिष्ठेची उलटतपासणी. मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते की दोघेही त्या आवाजात नसलेले काही ऐकत होते. ही घोषणा म्हणजे एक रिकामी चौकट आहे. एरवी तिच्यात भारताचे नाव बसते, आयपीएलमध्ये शहराचे, शाळेच्या मैदानावर इयत्तेचे. त्या रात्री भारत खेळतच नव्हता. पाठलाग रंगला होता, रिझवान पायात गोळे येऊन लंगडत खेळत होता, आणि हाक देणारा हाक देत होता. प्रेक्षक पाठलागाच्या बाजूने झाला. पैसे देऊन आलेल्या माणसाला सामना चुरशीचा हवा असतो, एवढे साधे कारणही असू शकते. पण हाक आली नसती तर ते उत्तर एवढ्या एकमुखाने उमटले असते का, याची मला शंका आहे.

चारच दिवसांनी, 14 ऑक्टोबरला, अहमदाबादेत भारताने पाकिस्तानला सात गड्यांनी हरवले. पाकिस्तानचे संघ संचालक मिकी आर्थर यांनी त्या रात्री तक्रार केली की हा सामना आयसीसीचा न वाटता बीसीसीआयचा वाटला, आणि 'दिल दिल पाकिस्तान' ध्वनिक्षेपकावरून फारसे ऐकू आले नाही. या विधानावर बरीच टीका झाली. पण आर्थर यांनी नकळत वर्मावर बोट ठेवले होते. 'दिल दिल पाकिस्तान' हेसुद्धा असेच मैदानात मुक्कामाला आलेले गाणे आहे: 'व्हायटल साइन्स' या पाकिस्तानी पॉप वाद्यवृंदाचे 1987 सालचे, जुनैद जमशेद यांच्या आवाजातले. ते म्हणणारे गळे त्या दिवशी अहमदाबादेत नव्हते. आर्थर यांना दाद मागायची होती ती लाऊडस्पीकरकडे. खरी उणीव होती ती सीमेवर अडलेल्या प्रेक्षकांची. गळ्यांच्या जागी यंत्र चालेल, अशी समजूत आता दोन्ही देशांत सारखीच रुजली आहे.

भारतीय मैदानांवर यंत्राशिवायही टिकेल असे एखादे गाणे असेल तर ते ए. आर. रहमान यांचे 'माँ तुझे सलाम'. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, 1997 मध्ये, 'वंदे मातरम्' या अल्बममध्ये ते आले. त्याची कडवी हिंदीत, मेहबूब यांनी लिहिलेली. पण मैदानात कडव्यांना कोणी विचारत नाही. मैदान वाट पाहते ती उंच चढत जाणाऱ्या त्या दोन शब्दांची. श्वास भरून घ्यायला पुरेशी उसंत, मग झेप, मग पुन्हा तेच दोन शब्द. आरतीच्या धृपदासारखी इथे सर्वांना जागा आहे. 2024 च्या 4 जुलैला टी-20 विश्वचषक घेऊन भारतीय संघ मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर पोहोचला. मैदानाला फेरी मारताना हे गाणे लागले आणि विराट कोहली, रोहित शर्मा, हार्दिक पंड्या हे गॅलरीबरोबर गाऊ लागले. गळा आणि ध्वनियंत्र यांतले वरचढ कोण, हे त्या चित्रफितीत ओळखता येत नाही. भारतीय मैदानावर हे क्वचित घडते.

पण हेच दोन शब्द हैदराबादच्या संदर्भात उच्चारले की दुसरे एक साल आठवते आणि विषय एकदम मैदानाबाहेर जातो. 1938 च्या अखेरीस निजामाच्या राज्यात, उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत, विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणत. त्याला बंदी झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, शेकडो जणांना विद्यापीठाचे दार बंद झाले. औरंगाबादच्या कॉलेजातही तीच ठिणगी पडली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता आणि हैदराबाद ही तिथल्या मराठी तरुणांच्या उच्च शिक्षणाची राजधानी होती. बाहेर काढलेल्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. या आंदोलनात ओढल्या गेलेल्या तरुणांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतून या आठवणी अजून निघतात.

त्या गाण्याच्या मागे कर्णा नव्हता. म्हटले तर किंमत पडत होती, आणि तरी ते म्हटले गेले. त्याच शहरातल्या उप्पलवर आज तेच दोन शब्द रहमान यांच्या चालीत वाजतात, तेव्हा म्हणणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही; उलट कधीकधी न म्हणणाऱ्याकडे शेजारी वळून पाहतो. बंकिमचंद्रांच्या मूळ गीतातील देवीरूपावरून जो जुना वाद आहे तो रहमान यांच्या गाण्याला तितकासा लागू होत नाही, कारण त्यांनी त्यातले दोन शब्दच घेतले आणि बाकीचा सलाम केला. त्या मांडणीत शहाणपण होते. पण वळून पाहणारा शेजारी हा प्रश्न उरतोच. ॲनफिल्डवर पाहुण्या संघाचे पाठीराखे यजमानांचे गाणे गात नाहीत, मुकाट ऐकतात किंवा त्यावर आपले ओरडतात, आणि त्यांची निष्ठा कोणी तपासत नाही. समूहगान गोड लागते ते गप्प बसण्याची मोकळीक असते तोवर.

हैदराबादच्या स्वतःच्या गाण्याचे काय? तेलुगू चित्रसंगीताची राजधानी असलेल्या शहराला गाण्यांचा तोटा असण्याचे कारण नाही. 2020 च्या जानेवारीत 'अला वैकुंठपुरमुलो' हा चित्रपट आला. थमन यांच्या संगीतातले त्यातले 'बुट्टा बोम्मा' घरोघरी पोहोचले. एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, सनरायझर्सचा ऑस्ट्रेलियन फलंदाज डेव्हिड वॉर्नरने पत्नीसह त्या गाण्यावर नाचून चित्रफीत टाकली. 2016 मध्ये सनरायझर्सला आयपीएलचे एकमेव जेतेपद मिळवून देणारा कर्णधार तेलुगू गाण्यावर थिरकतो आहे, हे पाहून हैदराबाद हरखले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिडनीच्या मैदानावर भारताविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना त्याने भारतीय प्रेक्षकांसमोर त्याच पदन्यासाची झलक दिली. 'आरआरआर' मधल्या 'नाटु नाटु'चे तसेच. 2023 च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळाले आणि काही दिवसांतच वानखेडेवरच्या एकदिवसीय सामन्यात कोहलीचे पाय स्लिपमध्ये तीच चाल करताना दिसले. त्या गाण्याच्या दोन गायकांपैकी राहुल सिप्लीगुंज हा हैदराबादचाच.

यातला समान धागा पाहा. गाणे मैदानात आले ते पायांतून, गळ्यातून नव्हे. 'नाटु नाटु' कोणी चालत्या सामन्यात गाऊ म्हटले तर त्याला दम लागेल. शब्द तेलुगूतले, गती सुसाट. उप्पलच्या एका गॅलरीत तेलुगू, दख्खनी, हिंदी, मराठी, कन्नड बोलणारे शेजारी-शेजारी बसतात. पायांना भाषा लागत नाही, म्हणून पाय पुढे झाले. पण पदन्यास हा मुळात एकट्याने करायचा आणि दुसऱ्याने पाहायचा प्रकार, शक्यतो कॅमेऱ्याने. त्यात प्रेक्षक पुन्हा प्रेक्षकच राहतो. शिवाय पदन्यास खेळाडूच्या मालकीचा. 2021 च्या हंगामात सनरायझर्सने वॉर्नरचे कर्णधारपद काढले, मग संघातून वगळले. पुढच्या वर्षी तो दिल्लीकडून खेळला. 'बुट्टा बोम्मा' त्याच्यासोबत दिल्लीला गेले म्हणावे की हैदराबादेत राहिले? वॉर्नर 2025 मध्ये एका तेलुगू चित्रपटात छोट्या भूमिकेत झळकला, म्हणजे त्याचे आणि हैदराबादचे प्रेम टिकले. गॅलरीला मात्र त्यातून गाणे मिळाले नाही.

बेतून केलेली गाणी तर याहून कमनशिबी. 2023 च्या विश्वचषकासाठी प्रीतम यांचे 'दिल जश्न बोले' आले आणि चाहत्यांनी पहिल्याच दिवशी त्याला नाके मुरडली. हैदराबादचे थोर फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरील 'मैदान' या 2024 च्या चित्रपटाला संगीत रहमान यांचेच. त्यातले संघगीत ठाशीव आहे, पण भारतीय फुटबॉलच्या गॅलऱ्यांत ते वस्तीला आल्याचे ऐकिवात नाही. याउलट 'चक दे इंडिया' महिला हॉकीवरच्या चित्रपटासाठी केले गेले, 2007 च्या ऑगस्टमध्ये आले, आणि 24 सप्टेंबरला जोहान्सबर्गला धोनीच्या संघाने पहिला टी-20 विश्वचषक जिंकला. दोन घटनांमध्ये सहा आठवड्यांचे अंतर. हा योगायोग कोणत्याही विपणन विभागाला घडवून आणता आला नसता.

जाता जाता एक कायद्याची बाब. ध्वनिमुद्रित गाणे सार्वजनिक ठिकाणी लावायचे तर परवाना लागतो, हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. लग्नसमारंभांतील संगीताबाबत राज्य सरकारने 2024 च्या जानेवारीत काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केले. लाऊडस्पीकरवरच्या गाण्याला मालक असतो आणि तो बिल पाठवतो. गॅलरीने गळा काढला तर त्याचे बिल पाठवायला अजून कोणी धजावलेले नाही.

बुजुर्ग फुटबॉलरसिकांना हैदराबाद म्हटले की उप्पल आठवत नाही, फतेह मैदान आणि हैदराबाद सिटी पोलीस आठवतात. मुंबईचा रोव्हर्स चषक या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे जिंकला, रहीम त्याचे प्रशिक्षक होते. ती परंपरा ओसरल्यावर दीर्घ काळाने हैदराबाद एफसी उभी राहिली आणि 2022 च्या 20 मार्चला तिने आयएसएलचे विजेतेपद मिळवले. कुठे? आपल्या फातोर्ड्यावर. कोविडमुळे दोन हंगाम सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाले होते. अंतिम सामन्याला दारे उघडली आणि केरळ ब्लास्टर्सच्या पाठीराख्यांनी गॅलऱ्या पिवळ्या करून टाकल्या. गंमत अशी की मैदानात पिवळा गणवेश हैदराबादचा होता, केरळला काळा घालावा लागला. गाण्यांचा, टाळ्यांचा सारा गजर केरळचा. हैदराबादचे पाठीराखे त्यात बुडून गेले होते. केरळने 68 व्या मिनिटाला गोल केला. 88 व्या मिनिटाला साहिल ताव्होरा या गोमंतकीय खेळाडूने बरोबरी साधली, आणि पेनल्टींमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमणी या गोमंतकीय गोलरक्षकाने तीन फटके अडवले. हैदराबाद 3-1 ने जिंकले. जिंकलेल्यांकडे गाणे नव्हते, गाणाऱ्यांकडे चषक नव्हता.

केरळचे पाठीराखे त्या रात्री हरून परतले, आणि पुढच्या हंगामात कोचीच्या गॅलरीत पुन्हा गायला बसले. हैदराबादचे काय झाले? क्लब आर्थिक अडचणीत सापडला आणि 2025 च्या ऑक्टोबरात तो दिल्लीला हलला, नावही बदलून स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाले. क्रिकेटमध्येही या शहराने हे पाहिले आहे: 2009 ची आयपीएल जिंकणारा डेक्कन चार्जर्स संघ 2012 मध्ये मोडीत निघाला, पुढच्या वर्षी सनरायझर्स आले. रंग नवा, नाव नवे, घोषणा नवी. कोपच्या गॅलरीत आजोबांशेजारी नातू उभा राहतो आणि गाणे ऐकून ऐकून शिकतो. इथे आजोबांचा संघच उरत नाही. हैदराबादेत फुटबॉलचा जो पाठीराखा गट तयार होत होता, त्याने आता कोणत्या शहराच्या नावाने गळा काढायचा?

म्हणून गावसकरांची विनंती मला शोकाच्या पलीकडेही रास्त वाटते, निदान प्रयोग म्हणून. आणि तो प्रयोग करायला गोव्याइतकी सोयीची जागा नाही. एफसी गोवाजवळ 'फोर्सा गोवा' ही दोन शब्दांची आरोळी आहे, पोर्तुगीज आणि आपली दोन्ही. मैदान तेच, शहर तेच, लोकही बरेचसे तेच. सामन्याआधीची शेवटची दहा मिनिटे फातोर्ड्यावर लाऊडस्पीकर बंद ठेवून पाहावेत. पहिले काही आठवडे नुसती कुजबुज, भेळेच्या कागदांची सळसळ आणि पोरांच्या शिट्ट्या ऐकू येतील. मग कोणीतरी घुमट घेऊन येईल.